जीवोपजीवन : स्थिर समस्थानिकांद्वारे अभ्यास

एका जीवाने दुसऱ्या जीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्यापासून अन्न मिळविणे, या संबंधास जीवोपजीवन म्हणतात. असे अन्न मिळविणारा तो जीवोपजीवी व ज्याच्यापासून ते मिळते तो पोषक होय. जीवोपजीवी कोठे राहतो हे विच्छेदनाने व सूक्ष्मदर्शकाने कळते. परंतु तेथे राहून तो नेमके काय खातो हे सांगणे अवघड असते. आतड्यात राहणारा कृमी पोषकाचे रक्त पीत असेल, आतड्याचे अस्तर खात असेल, पोषकाने पचविलेले अन्न शोषून घेत असेल किंवा तेथील सूक्ष्मजंतूंवर जगत असेल. पट्टकृमीसारख्या अनेक जीवोपजीवींना मुख व अन्नमार्ग नसल्याने जठरातील अन्न तपासण्याची नेहमीची पद्धतही त्यांच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. अशा वेळी जीवोपजीवी व पोषक यांच्या शरीरांतील कार्बन, नायट्रोजन इ. मूलद्रव्यांच्या स्थिर समस्थानिकांची (अणुक्रमांक तोच पण द्रव्यमानांक भिन्न असलेल्या व किरणोत्सर्ग न करणाऱ्या अणूंची) प्रमाणे मोजून त्यांची तुलना करतात. या तुलनेतून जीवोपजीवीच्या शरीरात प्रत्यक्ष मुरलेले अन्न कोणते, याविषयी अनुमान काढता येते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून ही पद्धत जीवोपजीवनाच्या अभ्यासात वापरली जाऊ लागली. मुक्त प्राण्यांच्या अन्नसाखळ्यांबाबत उपयोगी पडलेला नियम जीवोपजीवींना जसाच्या तसा लागू पडत नाही, हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

स्थिर समस्थानिक व त्यांचे मापन : निसर्गातील कार्बनापैकी सु. ९८·९ टक्के कार्बन (१२) व सु. १·१ टक्के कार्बन (१३) असतो. नायट्रोजनापैकी सु. ९९·६ टक्के नायट्रोजन (१४) व फक्त सु. ०·४ टक्के नायट्रोजन (१५) असतो. जीवविज्ञानात या दोन जोड्यांचा वापर सर्वाधिक होतो; त्यांखालोखाल गंधक, हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचा होतो. एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक रासायनिक दृष्ट्या सारखेच वागतात. परंतु जड अणू असलेले रेणू विक्रियेत किंचित मंदपणे भाग घेतात आणि त्यांचे बंधही किंचित बळकट असतात. त्यामुळे प्रकाशसंश्लेषण, श्वसन, उत्सर्जन अशा प्रत्येक क्रियेत हलक्या व जड समस्थानिकांचे प्रमाण थोडेथोडे बदलत जाते. हा बदल अत्यल्प असला, तरी तो नियमित असतो व म्हणूनच उपयोगी पडतो.

समस्थानिक ही संज्ञा फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये रूढ केली. एफ्. डब्ल्यू. ॲस्टन यांनी १९१९ मध्ये द्रव्यमान वर्णपटलेखक तयार करून अनेक मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे दाखविले. ए. ओ. नीर यांनी १९४० च्या सुमारास व त्यानंतर सुधारलेल्या द्रव्यमान वर्णपटमापकामुळे निसर्गातील अतिसूक्ष्म फरकही मोजणे शक्य झाले. आजची उपकरणे याच तत्त्वावर आधारलेली आहेत. नमुना स्वच्छ धुऊन व वाळवून त्याची बारीक पूड करतात. तिचा एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी किंवा जवळपास तेवढाच भाग कथिलाच्या लहानशा कुपीत घालून उच्च तापमानास जाळतात. त्यापासून मिळालेल्या कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजन या वायूंचे आयनीभवन (विद्युत् भारित कणांत रूपांतर) करून ते चुंबकीय क्षेत्रातून नेतात. तेथे हलके व जड आयन निरनिराळ्या मार्गांनी वळतात व वेगवेगळ्या संग्राहकांवर मोजले जातात.

फरक फार लहान असल्याने समस्थानिकांची प्रमाणे टक्क्यांत न देता एका ठराविक मानकाशी तुलना करून 'दर हजारी' या एककात देतात. या मूल्यास डेल्टा मूल्य म्हणतात व ते पुढील सूत्राने काढतात :

डेल्टा मूल्य = [(नमुन्यातील जड व हलक्या समस्थानिकांचे गुणोत्तर ÷ मानकातील तेच गुणोत्तर) − १] × १,०००

कार्बनासाठी मूळ मानक म्हणून अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या पी डी या शैलसमूहातील बेलेम्नाइट या प्राण्याच्या जीवाश्माचे चूर्ण वापरीत. तो साठा संपल्यानंतर व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या संदर्भ पदार्थांवरून तीच मापश्रेणी पुढे चालविली गेली. या मानकात कार्बन (१२) च्या सु. ८९ अणूंमागे कार्बन (१३) चा एक अणू असतो. नायट्रोजनासाठी हवेतील नायट्रोजन हेच मानक असून त्यात सु. २७२ हलक्या अणूंमागे एक जड अणू असतो. एखाद्या वनस्पतीचे कार्बनाचे डेल्टा मूल्य −२७ आहे याचा अर्थ तिच्यातील जड कार्बनाचे गुणोत्तर मानकापेक्षा हजारात २७ ने कमी आहे, असा होतो.

पोषण पातळीचा नियम : प्राण्याच्या शरीरातील समस्थानिकांची प्रमाणे त्याच्या अन्नावर अवलंबून असतात, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील एम्. जे. डिनिरो व सॅम्युएल एप्स्टाइन यांनी कार्बनाबाबत १९७८ मध्ये व नायट्रोजनाबाबत १९८१ मध्ये दाखवून दिले. उंदीर, माश्या, गोगलगायी इ. प्राणी माहीत असलेल्या अन्नावर वाढवून त्यांनी अन्न व शरीर यांच्या मूल्यांची तुलना केली. कार्बनाचे मूल्य अन्नापेक्षा सरासरीने सु. १ दर हजारी इतकेच वाढते; नायट्रोजनाचे मात्र सु. ३ दर हजारी वाढते, असे त्यांना आढळले. एम्. मिनागावा व ई. वाडा यांनी १९८४ मध्ये पूर्व चिनी समुद्र, बेरिंग समुद्र व इतर ठिकाणच्या अन्नसाखळ्यांचा अभ्यास करून नायट्रोजनाच्या वाढीची सरासरी ३·४ दर हजारी अशी काढली. ही संख्या पुढे सर्वत्र वापरात आली.

नायट्रोजनाच्या मूल्यात वाढ होण्याचे कारण उत्सर्जनात आहे. अन्नातील जादा ॲमिनो अम्लांचे विघटन करताना हलका नायट्रोजन (१४) असलेले ॲमिनो गट अधिक सहजपणे सुटतात व अमोनिया, यूरिया इ. रूपांत शरीराबाहेर टाकले जातात. जड नायट्रोजन मागे राहतो. वनस्पतीपासून शाकाहारी प्राण्याकडे व त्याच्यापासून मांसाहारी प्राण्याकडे जाताना प्रत्येक पायरीवर ही क्रिया पुन्हा घडते. म्हणून नायट्रोजनाच्या मूल्यावरून प्राण्याची पोषण पातळी (अन्नसाखळीतील पायरी) ठरवितात. कार्बनाचे मूल्य पायरीगणिक फारसे बदलत नसल्याने त्यावरून अन्नाचा मूळ स्रोत ओळखतात. उदा., भात, गहू व बहुतेक वृक्ष यांच्यात कार्बन डाय-ऑक्साइडाचे स्थिरीकरण प्रथम तीन कार्बन अणूंच्या संयुगात होते (तीन-कार्बनी वनस्पती) व त्यांचे मूल्य सु. −२७ असते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांच्यात ते प्रथम चार कार्बन अणूंच्या संयुगात होते (चार-कार्बनी वनस्पती) व त्यांचे मूल्य सु. −१३ असते. या दोन गटांतील फरक इतका मोठा आहे की, कोणत्या गटाची वनस्पती खाल्ली गेली हे खाणाऱ्याच्या शरीरावरून सांगता येते.

ऊतकांतील नवीकरण : शरीरातील सर्व ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांचे) द्रव्य सारख्याच वेगाने बदलत नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्बिल या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांना मक्याच्या अन्नावरून गव्हाच्या अन्नावर आणण्यात आले. तेव्हा जुन्या कार्बनापैकी निम्मा बदलण्यास यकृतात सु. ६ दिवस, स्नायूत सु. २८ दिवस व केसांत सु. ४७ दिवस लागले. म्हणजे यकृत अलीकडच्या अन्नाची व स्नायू मागील काही आठवड्यांच्या अन्नाची नोंद ठेवतो. जीवोपजीवी कोणत्या ऊतकावर उपजीविका करतो व त्याची तुलना कोणत्या ऊतकाशी करावयाची, हा प्रश्न यामुळे महत्त्वाचा ठरतो.

प्राण्यांतील जीवोपजीवी : जीवोपजीवी हा पोषकाला खातो, तेव्हा तो पोषकाच्या एक पायरी वर असला पाहिजे, असे प्रथमदर्शनी वाटते. हा तर्क बरोबर असता, तर पोषकाचे नायट्रोजनाचे मूल्य ८ असताना त्याच्या जीवोपजीवीचे मूल्य ११·४ च्या आसपास यावयास हवे. प्रत्यक्ष मापनांनी मात्र निराळे चित्र समोर आणले.

स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९९८ मध्ये रानटी ससे व त्यांच्या अन्नमार्गातील कृमी यांची मापने प्रसिद्ध केली. अशा प्रकारच्या पहिल्या अहवालांपैकी हा एक होय. एकाच सशाच्या शरीरात राहणाऱ्या दोन प्रकारच्या कृमींत विरुद्ध फरक दिसून आला. सूत्रकृमींत जड नायट्रोजनाचे प्रमाण पोषकापेक्षा अधिक, तर पट्टकृमींत ते पोषकापेक्षा कमी होते. सूत्रकृमीला मुख व पूर्ण अन्नमार्ग असतो आणि तो मुखावाटे अन्न घेऊन पचवितो. पट्टकृमीला या दोन्ही गोष्टी नसतात व तो आपल्या शरीराच्या पृष्ठभागातून आतड्यातील विरघळलेले अन्नघटक शोषून घेतो. शरीररचनेतील या भेदाचे प्रतिबिंब समस्थानिकांत उमटलेले असते.

पुढील काही वर्षांत मत्स्यांवरील जीवोपजीवींचा बराच अभ्यास झाला. त्यातही पट्टकृमींचे नायट्रोजनाचे मूल्य पोषकाच्या स्नायूपेक्षा कमी असल्याचे पुनःपुन्हा दिसले. उत्तर कॅनडातील समुद्र, नदीमुखे व गोडे पाणी यांतील मत्स्यांविषयीचे २००४ मधील संशोधन या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कारण पाणी खारे असो वा गोडे, फरकाची दिशा बहुधा तीच राहिली. डॅन्यूब नदीतील बार्बेल या मत्स्यासंबंधी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन जीवोपजीवींची तुलना आहे. त्यांपैकी ॲकँथोसेफाला संघातील कृमी आतड्यात काटेरी शुंडेने चिकटून राहतो, त्यालाही अन्नमार्ग नसतो व त्याच्यातील जड नायट्रोजन पोषकापेक्षा कमी भरला. दुसरा म्हणजे देहगुहा व ऊतके यांत राहणारा सूत्रकृमीचा डिंभ (अळीसारखी अपक्व अवस्था). त्याच्यात जड नायट्रोजन पोषकापेक्षा अधिक आढळला. पहिला पोषकाच्या अन्नात वाटेकरी होतो, तर दुसरा पोषकालाच खातो, असा याचा अर्थ लावता येतो.

रक्त पिणारे जीवोपजीवी त्या मानाने भक्षकांच्या अधिक जवळ जातात. रक्त हे प्रथिनांनी समृद्ध असते. त्यातील जादा नायट्रोजन टाकून द्यावा लागत असल्याने पिसवांसारख्या कीटकांत नायट्रोजनाचे मूल्य वाढण्याकडे कल असतो. गोचिडींत या पद्धतीचा आणखी एक उपयोग दिसून आला आहे. गोचिडीच्या अनेक जातींत प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्तपान होते. त्यानंतर कात टाकून ती पुढील पोषक मिळेपर्यंत उपाशी राहते. ज्ञात प्राण्यांच्या रक्तावर वाढविलेल्या गोचिडींत कात टाकल्यानंतरही त्या रक्तांमधील समस्थानिकांचे भेद टिकून राहतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. गोचिडी रोगप्रसारक असल्याने तिने आधी कोणत्या प्राण्याचे रक्त घेतले होते हे कळणे रोगाचा उगम शोधण्यास उपयुक्त असते.

दोन जीवांचा संबंध जीवोपजीवनाचा आहे की निव्वळ सहवासाचा, हा वादही काही वेळा या पद्धतीने सुटतो. कॅनडाच्या पूर्व भागातील ओढ्यांत कायरोनोमिडी कुलातील एका माशीचे डिंभ प्लेकॉप्टेरा गणातील मोठ्या कीटकांच्या अपक्व अवस्थांवर, पंखांच्या कळ्यांखाली राहतात. ते त्यांचा उपयोग केवळ वाहन व आसरा म्हणून करतात, की त्यांचा देहद्रव पितात, हे निरीक्षणाने ठरत नव्हते. वाहन म्हणून उपयोग करणाऱ्या डिंभाचे मूल्य दगडांवरील शेवाळ खाणाऱ्या इतर डिंभांसारखे यावयास हवे. देहद्रव पिणाऱ्याचे मूल्य वाहक कीटकाच्या वर जावयास हवे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनी दुसऱ्या शक्यतेस, म्हणजे जीवोपजीवनास, पुष्टी दिली.

फरकाची कारणे : जीवोपजीवी ठराविक नियम का पाळत नाहीत याची अनेक कारणे संभवतात. (१) जीवोपजीवी पोषकाचे संपूर्ण शरीर खात नाही. वाघ हरिणाचे मांस, यकृत, चरबी असे सर्व काही खातो. कृमी मात्र एखादे ऊतक, एखादा द्रव किंवा काही विशिष्ट ॲमिनो अम्लेच घेतो. या अंशाचे मूल्य पोषकाच्या स्नायूच्या मूल्याहून वेगळे असू शकते. (२) आतड्यातील पट्टकृमीचे अन्न हे पोषकाच्या शरीराचा भाग झालेलेच नसते. त्या दृष्टीने तो पोषकाच्या वरच्या पायरीवर नसून त्याच्याच पायरीवर, त्याच्या शेजारी असतो. (३) जीवोपजीवीला अनेक ॲमिनो अम्ले आयती मिळतात. ती न मोडता थेट स्वतःच्या प्रथिनांत वापरली गेली, तर जड समस्थानिक मागे ठेवणारी क्रियाच कमी घडते. (४) पोषकाच्या चयापचयात (शरीरातील रासायनिक घडामोडींत) सुटलेली हलक्या नायट्रोजनाची संयुगे जीवोपजीवीकडून शोषली जाण्याची शक्यता असते. (५) आतड्यातील कृमींना ऑक्सिजन फार थोडा मिळतो. त्यांचे ऊर्जेसाठीचे चयापचय मुख्यत्वे ग्लायकोजेन या कर्बोदकावर चालते व प्रथिने जाळण्याचे प्रमाण कमी असते. यांतील कोणते कारण किती प्रभावी आहे हे जातिपरत्वे बदलते.

जीवोपजीवी व पोषक यांच्या अनेक जोड्यांवरील प्रसिद्ध मापने एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या तुलनेतही फरकांची व्याप्ती फार मोठी असल्याचे दिसले. एकच सरासरी संख्या सर्व जीवोपजीवींना लावणे योग्य नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. ३·४ ही संख्या डोळे झाकून वापरल्यास पट्टकृमीची पायरी त्याच्या पोषकाच्याही खाली येते, म्हणजे तो जणू पोषकाचे भक्ष्य ठरतो. संख्या बरोबर असून अनुमान मात्र चुकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

वनस्पतींतील जीवोपजीवी : बांडगूळ व टारफुला यांसारख्या वनस्पतींना हिरवी पाने असतात व त्या स्वतः प्रकाशसंश्लेषण करतात, तरीही शोषक मुळांद्वारे त्या पोषक वनस्पतीपासून पाणी, खनिजे व काही अंशी तयार अन्न घेतात. म्हणून त्यांना अर्धजीवोपजीवी म्हणतात. यांपैकी तयार अन्न किती, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. ज्वारीवरील टारफुल्याच्या बाबतीत निसर्गानेच एक सोईची परिस्थिती निर्माण करून ठेवली आहे. ज्वारी चार-कार्बनी व टारफुला तीन-कार्बनी असल्याने दोघांच्या स्वतःच्या कार्बनावर वेगवेगळा शिक्का असतो. टारफुल्याने सर्व कार्बन स्वतः हवेतून घेतला असता, तर त्याचे मूल्य इतर तीन-कार्बनी वनस्पतींसारखे आले असते. ते ज्वारीच्या मूल्याकडे जितके सरकते, तितका कार्बन ज्वारीकडून आला, असे समजतात. उदा., स्वतंत्रपणे वाढल्यास जीवोपजीवीचे अपेक्षित मूल्य −२९, पोषकाचे −१३ व प्रत्यक्षात मोजलेले मूल्य −२४ आहे असे मानल्यास १६ पैकी ५ भाग, म्हणजे सु. ३१ टक्के कार्बन पोषकाकडून आलेला ठरतो.

आफ्रिकेत ज्वारी, बाजरी व मका या पिकांचे मोठे नुकसान करणाऱ्या स्ट्रायगा हर्माँथिका या जातीविषयी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेच तत्त्व वापरण्यात आले. हिरवी पाने फुटलेल्या पक्व वनस्पतीतही सु. एक तृतीयांशापर्यंत कार्बन पोषकाचा असल्याचे त्यातून सूचित झाले. महाराष्ट्रातील ज्वारीच्या पिकात आढळणारा टारफुला याच प्रजातीतील आहे. त्याचे बी जमिनीत उगवल्यानंतर कोंब बाहेर येईपर्यंतचा काळ तो सर्वस्वी ज्वारीच्या मुळांवर जगतो. त्यामुळे तो शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतो तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते. तथापि पिकाच्या वाढीतील सर्व घट कार्बनाच्या या शोषणामुळे होत नाही. कार्बनाचा ताळेबंद मांडला असता शोषणामुळे होणारी घट लहान असून पोषकाच्या प्रकाशसंश्लेषणात निर्माण होणारा बिघाड हे घटीचे मोठे कारण असल्याचे दिसून आले. टारफुला काढून टाकणे हे त्यामुळे केवळ एक वाटेकरी कमी करण्यापुरते नसते. त्याचा परिणाम ज्वारीच्या स्वतःच्या अन्ननिर्मितीवरही होतो.

बांडगूळ बहुधा वृक्षांवर वाढते व बांडगूळ आणि वृक्ष हे दोन्ही तीन-कार्बनी असल्याने तेथे हिशेब इतका सरळ नसतो. पानांतील वायूंच्या देवघेवीवरून अपेक्षित मूल्य काढून ते मोजलेल्या मूल्याशी ताडून पाहावे लागते. अमेरिकेतील जूनिपर वृक्षावरील एका बांडगुळात निम्म्याहून अधिक कार्बन वृक्षाकडून आलेला असावा, असे अनुमान १९९० मध्ये अशाच रीतीने काढण्यात आले. बांडगूळ केवळ प्रकाष्ठातून (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतकातून) रस घेत असले, तरी त्या रसातही कार्बनी संयुगे असतात, हे यावरून स्पष्ट झाले.

इतर उपयोग : पोषकाला संसर्ग कसा होतो हे समजण्यासही ही पद्धत साहाय्यभूत होते. अनेक कृमींचे डिंभ लहान जलचरांत वाढतात व ते जलचर खाल्ल्याने मत्स्यांत शिरतात. नॉर्वेमधील सरोवरांत आर्क्टिक चार या मत्स्याचे काही सभासद काठाजवळील तळावरचे कवचधारी प्राणी खातात, तर काही खुल्या पाण्यातील सूक्ष्म प्राणी खातात. या दोन अधिवासांतील कार्बनाची मूल्ये भिन्न असल्याने मत्स्याच्या स्नायूवरून त्याची आहाराची दीर्घकालीन सवय कळते व त्याच्यातील कृमींशी तिचा मेळ घालता येतो. समुद्रात व गोड्या पाण्यात ये-जा करणाऱ्या मत्स्यांसाठी गंधकाचे समस्थानिक उपयोगी पडतात.

अन्नजालांच्या (एकमेकींत गुंतलेल्या अन्नसाखळ्यांच्या) अभ्यासात जीवोपजीवींना पूर्वी क्वचितच स्थान मिळे. कॅलिफोर्नियातील कार्पिंटेरिया येथील खाजणाच्या अन्नजालातील सु. ७५ टक्के दुव्यांत जीवोपजीवींचा संबंध येतो, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. कॅलिफोर्निया व बाहा कॅलिफोर्निया येथील तीन नदीमुखांत जीवोपजीवींचे एकूण वजन तेथील पक्ष्यांसारख्या शिखरस्थ भक्षकांच्या वजनापेक्षा अधिक भरल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इतके द्रव्य कोणाकडून कोणाकडे जाते हे समजल्याशिवाय परिसंस्थेतील ऊर्जेचा हिशेब पुरा होत नाही.

मर्यादा व दक्षता : समस्थानिकांची मूल्ये ही अन्नाचा अप्रत्यक्ष पुरावा आहेत. यकृतात राहणाऱ्या कृमीची तुलना स्नायूशी केल्यास दिसणारा फरक हा कृमीच्या अन्नाचा नसून यकृत व स्नायू यांच्यातील असू शकतो. म्हणून शक्यतो प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या ऊतकाशीच तुलना करतात. पोषकाचा आहार नुकताच बदललेला असल्यास पट्टकृमीची मूल्ये लवकर व स्नायूची उशिरा बदलतात आणि दोघांत तात्पुरता, दिशाभूल करणारा फरक दिसतो. वसेत (स्निग्ध पदार्थांत) जड कार्बन प्रथिनांपेक्षा कमी असल्याने वसायुक्त नमुन्यांचे कार्बनाचे मूल्य कमी येते. त्यासाठी वसा काढून टाकतात किंवा गणिताने दुरुस्ती करतात. फॉर्मॅलीन वा अल्कोहॉल यांत ठेवलेल्या नमुन्यांची मूल्ये बदलत असल्याने संग्रहालयातील जुने नमुने जपून वापरावे लागतात. लहान जीवोपजीवींचे पुरेसे वजन मिळण्यासाठी अनेकांचा नमुना एकत्र करावा लागतो व त्यामुळे व्यक्तिगत भेद झाकले जातात. उलट, पर्णकृमींनी ग्रासलेल्या गोगलगायीच्या शरीराचा लक्षणीय भाग कृमींचाच असतो. असा नमुना नकळत गोगलगाय म्हणून मोजला गेल्यास निष्कर्ष बिघडतो. तसेच आजारपणात व उपासमारीत पोषक स्वतःची प्रथिने वापरू लागल्यास त्याचे नायट्रोजनाचे मूल्य वाढू शकते, म्हणजेच तुलनेचा आधारच हलतो.

या अडचणी टाळण्यासाठी दोन मार्ग विशेष उपयुक्त ठरले आहेत. एकात जड समस्थानिकाने समृद्ध केलेले अन्न पोषकाला देऊन ते जीवोपजीवीत केव्हा व किती पोहोचते हे पाहतात. हा समस्थानिक किरणोत्सर्गी नसल्याने पोषकाला किंवा संशोधकाला प्रारणाचा धोका नसतो. दुसऱ्यात संपूर्ण शरीराऐवजी एकेका ॲमिनो अम्लातील नायट्रोजन मोजतात. ग्लुटामिक अम्लातील मूल्य प्रत्येक पायरीवर सु. ८ दर हजारी वाढते, तर फिनिल ॲलॅनिनातील जवळजवळ तसेच राहते, असे मुक्त प्राण्यांत आढळले आहे. त्यामुळे पहिल्यावरून पायरी व दुसऱ्यावरून अन्नसाखळीचा पाया एकाच नमुन्यातून कळतो. मात्र जी ॲमिनो अम्ले जीवोपजीवी न मोडता वापरतो, त्यांच्याबाबत येथेही ठराविक वाढ गृहीत धरता येत नाही. यास्तव प्रत्येक जोडीसाठी जीवोपजीवीची शरीररचना, त्याचे पोषकातील स्थान व समस्थानिकांची मूल्ये या तिन्ही गोष्टी एकत्र पाहूनच निष्कर्ष काढणे इष्ट ठरते.